बर्फावरच्या विमानाला स्की निवडताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॅनडा आणि अलास्कात बर्फावर उतरणाऱ्या छोट्या विमानांविषयीचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. गोंदियाजवळ बिरसीला वैमानिक तयार होतात. त्यांतल्या काहींना पुढे कॅनडाच्या उत्तर भागात नोकरी मिळू शकते, त्यामुळे हा विषय आपल्या जिल्ह्यालाही परका नाही. म्हणूनच लेखातले एक विधान दुरुस्त व्हायला हवे. "चाके काढून स्की लावली की झाले, आणि स्की जितकी मोठी तितकी चांगली," असे त्यात म्हटले आहे. स्की म्हणजे चाकाच्या जागी किंवा चाकासोबत बसवायची, बर्फावर घसरणारी लांब पट्टी. वरच्या विधानाचा पहिला भाग अर्धवट आहे आणि दुसरा धोक्याचा.

आधी आकाराचा हिशेब पाहू. सुपर कब हे दोन आसनी विमान पूर्ण भारासह सुमारे 800 किलोचे असते. एक स्की 30 सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर लांब टेकते असे धरले, तर दोन्ही मिळून 9000 चौरस सेंटिमीटर होतात. म्हणजे बर्फावर दर चौरस सेंटिमीटरला 90 ग्रॅमच्या आसपास दाब पडतो. तेच विमान टायरवर उभे असेल तर हा दाब सव्वा ते दीड किलोपर्यंत जातो. धानाच्या बांधीत चिखलणीला आपण ट्रॅक्टरला केजव्हील, म्हणजे पिंजऱ्यासारखे रुंद लोखंडी चाक, चढवतो, त्यामागेही हेच गणित आहे. पण स्की हवेतही सोबत न्यावी लागते. गरजेपेक्षा मोठी स्की लावली की वजन वाढते, हवेचा अडथळा वाढतो, जमिनीवर वळायला जास्त जागा लागते आणि स्कीचे टोक वर धरून ठेवणाऱ्या रबरी दोरावर ताण येतो. लहान स्की भुसभुशीत बर्फात रुतते, हेही तितकेच खरे. म्हणून सुरुवात स्कीवरच्या धातूच्या पाटीपासून करावी. तिच्यावर किती भाराला मान्यता आहे ते कोरलेले असते. तो आकडा विमानाच्या कमाल वजनाला पुरला पाहिजे आणि त्या स्कीला त्याच मॉडेलच्या विमानासाठी मंजुरी असली पाहिजे. एका विमानाची स्की दुसऱ्याच्या आसाला बसते, एवढ्यावरून ती चालेल असे होत नाही. बसवल्यावर वजन आणि गुरुत्वमध्य पुन्हा काढून कागदोपत्री नोंदवावा लागतो.

प्रकार मुख्यतः तीन. चाक काढून त्याच जागी बसणारी साधी स्की सर्वांत हलकी आणि खोल बर्फात सर्वांत चांगली. मात्र डांबरी धावपट्टीवर तिचा उपयोग नाही, म्हणून निघण्याची आणि पोहोचण्याची अशा दोन्ही जागी बर्फ हवा. दुसऱ्या प्रकारात स्कीला भोक असते आणि त्यातून चाकाचा खालचा भाग बाहेर डोकावतो. हिच्यावर डांबर आणि घट्ट बर्फ दोन्ही चालते, बिघडण्यासारखे भागही कमी. पण खोल, मऊ बर्फात चाक नांगरासारखे ओढले जाते आणि त्याभोवती साचलेला ओला बर्फ गोठला की चाक जाम होते. टायरही ठरलेल्या मापाचाच हवा, नाहीतर चाक किती बाहेर येते हेच बदलते. तिसरी हायड्रॉलिक स्की. वैमानिक पंप मारून ती चाकाच्या वर-खाली करतो. सोय मोठी, पण किंमत आणि वजनही मोठे, आणि तेल गळाले तर एक स्की खाली व दुसरी वर अशी वेळ येते. उतरण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या स्की डोळ्यांनी पाहायच्या, नुसत्या पंपाच्या दांड्यावर विसंबायचे नाही. ज्याला रोज पक्क्या धावपट्टीवरून उडून तळ्यावर उतरायचे आहे त्याने हा खर्च करावा. नुसत्या हिवाळी हौसेला साधी स्की पुरते, असे माझे मत आहे.

लेखात ज्याचा उल्लेखच नाही आणि ज्याच्यामुळे विमाने पडतात, ती गोष्ट म्हणजे स्कीची बांधणी. स्की आसावर झुल्यासारखी फिरते. हवेत तिचे टोक खाली गेले तर ती आडव्या फळीसारखी वारा अडवते आणि विमान त्या बाजूला खेचले जाते. हे टाळायला टोकाला वर ओढणारा रबरी दोर असतो. टोक जास्त वर जाऊ नये म्हणून मागे एक केबल असते आणि दोर तुटलाच तर टोक ठरावीक मर्यादेखाली जाऊ नये म्हणून पुढे दुसरी, सैल केबल असते. लहान विमानात, विमान समतल आणि चाकांवर भार नसताना, मागची केबल ताणली की स्कीचा कोन 0 ते 5 अंश वर असावा. पुढची ताणली की टोक 20 ते 35 अंशांपेक्षा खाली जाऊ नये. पुढची केबल आणि रबरी दोर एकाच कडीत अडकवू नयेत. ती कडी तुटली तर दोन्ही एकदम जातात. थंडीत रबर कडक होते, आतले धागे तुटतात आणि वरून काही दिसत नाही. म्हणून दर हंगामाला दोर नवा घालावा आणि उड्डाणापूर्वी टोक हाताने दाबून ते जोराने परत वर येते का हे पाहावे.

तळाचा प्रश्नही बारकाईचा आहे. घसरताना घर्षणाने तळाखालचा बर्फ थोडा वितळतो आणि विमान थांबले की काही मिनिटांत गोठून स्की चिकटते. 31 ऑक्टोबर 1956 रोजी अमेरिकी नौदलाचे स्कीचे विमान दक्षिण ध्रुवावर उतरले, तेव्हा ते तासाभरापेक्षा कमी वेळ थांबले होते. तेवढ्यात स्की अशा चिकटल्या की उड्डाणाला जोर देण्यासाठी विमानाला लावलेली 15 रॉकेटे पेटवून ते सुटले. आज तळाला गुळगुळीत प्लॅस्टिकचे अस्तर लावतात, त्याने चिकटणे कमी होते, पण थांबत नाही. उभे करताना स्की फळ्यांवर किंवा फांद्यांवर चढवून ठेवावी. अस्तराखालच्या लोखंडी धारा झिजल्या असतील तर कठीण बर्फावर विमान वाऱ्याबरोबर आडवे सरकते, त्याही तपासाव्यात. शून्याजवळच्या तापमानाला बर्फ चिकट असतो आणि उणे 30 च्या खाली वाळूसारखा खरखरीत, त्यामुळे दोन्ही वेळा उड्डाणाला जास्त अंतर लागते.

स्कीला ब्रेक नसतो, त्यामुळे इंजिन तपासताना विमान जागेवर राहील असे धरू नये. अनोळखी तळ्यावर आधी स्की टेकवून वेग न सोडता पुन्हा उडावे आणि स्कीने बर्फावर उमटलेली रेघ वरून पाहावी. ती काळी पडत असेल तर बर्फाखाली पाणी आहे, तिथे उतरू नये.

लेखासोबतच्या छायाचित्रात विमान बाजूने दिसते, पण दोर आणि केबली पंखाच्या सावलीत गेल्या आहेत. पुढच्या अंकात या तिन्हींच्या जोडण्या स्पष्ट दाखवणारे रेखाचित्र छापता आले तर बिरसीतल्या मुलांना त्याचा उपयोग होईल. ते तयार करायला मदत हवी असल्यास मी देईन.

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता
आमगाव, जि. गोंदिया