बर्लिनहून, रविवारी दुपारी

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. व्हिडिओवर चेहरा उतरलेला दिसला तो खिडकीच्या उजेडामुळे. वजन दोन किलोनं घटलंय, पण परवा एका बैठकीत सहा पोळ्या खाल्ल्या. माझ्याच हातच्या, तेव्हा आकार विचारू नका. फोनवर हे सांगायचं राहूनच जातं. आई, तू मध्येच कुकर बंद करायला उठतेस आणि मग बाबा हवामान विचारतात.

मॅरेथॉनच्या सरावासाठी आज 30 किलोमीटर पळायचे होते. झाले 26. घाबरू नका, पडले नाही, चक्करही आली नाही. इथे टेम्पलहोफ म्हणून जुना विमानतळ आहे. 2008 मध्ये बंद झाला आणि दोन वर्षांनी लोकांना फिरायला खुला केला. धावपट्टी जशीच्या तशी. कडेनं एक फेरी साधारण सहा किलोमीटरची, वारा अर्धा वेळ तोंडावर, आडोसा कुठे नाही. चौथी फेरी संपता संपता पाय लाकडाचे झाले. अंगात साठवलेली साखर तिथेच कुठेतरी संपते, आणि मी पहिल्या फेऱ्या उगाच जोरात मारते. बाबा, अजिंक्यताऱ्याच्या पहिल्या वळणावर मी तुम्हाला मागे टाकायचे आणि वर तुमच्यानंतर पोचायचे, तीच खोड. गेल्या रविवारी, पळताना ताकदीसाठी खातात त्या गोड जेलच्या पुडीऐवजी तुम्ही पाठवलेले कंदी पेढे खिशात नेले. विसाव्या किलोमीटरला दोन खाल्ले. पुढचं सांगत नाही. आता पळताना खजूर, पेढे घरी.

मैदानापर्यंत चार सिग्नल लागतात. पायी चालणाऱ्यांचा दिवा लाल असला की इथला माणूस थांबतो. म्हणजे थांबतोच. रविवारी सकाळी सहाला, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, एक आजोबा कुत्र्याला घेऊन उभे. कुत्राही उभा. पोवई नाक्यावर रस्ता ओलांडायला शिकलेल्या मुलीनं काय करावं? एकदा तशीच पळत गेले, तर मागून एक बाई ओरडल्या की मुलं बघतायत. मूल एकही नव्हतं! ऑफिसात विचारलं तेव्हा कळलं, पाच युरो दंड आहे, पण लोक थांबतात ते दंडापायी नाही. मोठ्यांचं बघून एखादं पोर उद्या रस्त्यात उतरेल, म्हणून. दिव्यातला माणूस टोपीवाला, हात पसरून उभा. पूर्व बर्लिनमध्ये 1961 साली काढलेला; दोन्ही जर्मनी एक झाल्यावर तो बदलायला निघाले, तर लोकांनी भांडून ठेवून घेतला. मी आता जागच्या जागी उड्या मारत थांबते. परतताना मात्र लाल दिवा दिसला की बरं वाटतं.

आई, बायकांनी इतकं पळू नये हे तुला कुणी सांगितलं ते मला माहीत आहे. काकूला सांग, ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन 1984 साली पहिल्यांदा झाली, कारण त्याआधी भल्याभल्यांना असंच वाटायचं. पाळी वेळेवर आहे. एका अंगठ्याचं नख काळं पडलंय, ते नवीन येतं. अंधारात एकटी पळत नाही.

या महिन्याचे पैसे काल टाकलेत. स्लॅबच्या गळतीचं काम पाऊस संपला की लगेच करून घ्या, दादाची वाट बघू नका. नवे बूट घ्यावे लागले, सात-आठशे किलोमीटरनंतर तळ दबतो. किमतीचे रुपये करत बसू नका. पुण्याच्या मुलाशी बोलले. मुलगा बरा आहे. एवढं पळून काय मिळतं, असं त्यानं विचारलं. मला धड उत्तर देता आलं नाही आणि राग त्याच्यावर काढला. आत्याला एवढंच सांगा की ऑक्टोबरमध्ये बोलू.

आणि गणपतीचं. सुट्टी मिळत नाही असं मी म्हणाले, ते खरं नाही. सुट्टी आहे. शर्यत सप्टेंबरच्या शेवटी, गणपती तिच्या तोंडावर, आणि इथे प्रवेश सोडतीतून मिळतो, तो यंदा मिळाला. गौरी जेवायच्या दिवशी तू एकटी किती पुरणं वाटशील, हे आज चौथ्या फेरीत डोक्यातून जात नव्हतं. पुरणपोळ्या यंदा विकत आण ना. कुणी काही म्हणणार नाही. म्हटलं तर माझं नाव सांग.

तुमची,
छकुली

ता. क. बाबा, आजीला 42 किलोमीटर हा आकडा सांगू नका. साताऱ्याहून निघालं तर वाई मागे पडते, ती लगेच हिशेब करेल.