दिवाळे गावच्या तांडेलबाबांना, दोन चंद्रांच्या दर्यावरून

तांडेलबाबा, सप्रेम नमस्कार.

कादंबरी छापायला गेली. ती हातात पडण्याआधी तुमचे आभार सगळ्यांसमोर मानायचे आहेत, म्हणून हे पत्र असं उघडपणे लिहितेय.

पावसाळी बंदीचे दिवस होते. १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक होड्या किनाऱ्याला आणि तुम्ही ओट्यावर जाळं तुणत बसलेले. मी नेरूळहून वही घेऊन आले आणि सांगितलं, की मुलांसाठी जादूचा दर्या लिहितेय. आकाशात दोन चंद्र आहेत, पाण्यातून ओळखीच्या आवाजात हाका येतात, बेटं रातोरात जागा बदलतात. असलं काही ऐकलं की मोठी माणसं बहुधा विषय बदलतात. तुम्ही हातातली सुई बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, "दोन चंद्र? मंग उधान कवा येतं?"

मग तुम्ही तिथीचा हिशोब सांगितलात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते: चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. हे एका चंद्राचं झालं. दोन चंद्रांसाठी तुम्ही तिसऱ्यांचे दोन शिंपले फरशीवर मांडलेत, मधे सुपारी ठेवलीत आणि शिंपले फिरवत राहिलात. दोन्ही चंद्र एका रेषेत आले की पाणी गावात शिरणार, काटकोनात असले की दर्या मरगळणार. त्या शिंपल्यांवरून माझ्या खलाशांचं पंचांग तयार झालं. निघायचं कधी, बंदरात दडून बसायचं कधी, लग्नाची तारीख कुठली धरायची, सगळं त्यातच आलं.

हाका मारणाऱ्या पाण्याबद्दल तुमचा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. "पानी हाका मारतंय, तवा होरीतलं पानी कोन उपसतंय?" कादंबरीतला सगळ्यात भीतीचा प्रसंग त्यातून आला. हाक ऐकू येतेय, आवाज आईचा आहे, आणि सोळा वर्षांचा पोरगा रडत रडत पाणी उपसतोय, कारण त्याची पाळी आहे.

शिसं बांधून दोर सोडायचा, खोली वावांत, म्हणजे पसरलेल्या दोन हातांच्या मापात, मोजायची, गोळ्याच्या तळाला लावलेल्या चरबीला रेती चिकटली की चिखल ते बघून आपण कुठे आहोत ते ओळखायचं, ही दर्यावर्दींची जुनी रीत. माझ्या दर्यात बेटं फिरतात, पण तळ जागचा हलत नाही. त्यामुळे नकाशापेक्षा त्या चरबीवरची रेती खरी ठरते. काळोख्या रात्री पाणी चमकतं आणि माशांचा थवा त्या उजेडात दिसतो, हेही तुम्ही सांगितलंत. ते सूक्ष्म जीवांमुळे होतं हे मला ठाऊक होतं. पण त्या उजेडावर नजर ठेवून जाळं टाकणारा माणूस तुमच्यामुळे भेटला. डोल, म्हणजे प्रवाहात लावलेलं पिशवीसारखं जाळं, ओढायची ती भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबतं तेवढ्याच वेळात, हे कळल्यावर माझ्या तांडेलाला, होडीच्या म्होरक्याला, घाई करण्याचं खरं कारण मिळालं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते वाट्याचं बोलणं. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, मग खलाशांचे वाटे, इथवर हिशोब सरळ होता. तुम्ही मधेच थांबून म्हणालात, "दर्यान गेला, त त्याचा वाटा घरी जातो का नाय?" ओट्यावर कुणी बोललं नाही. काकूंनी आतून येऊन चहा ठेवला आणि त्याही तिथेच बसल्या. जादूच्या जगातल्या माणसाच्या घरी चूल पेटते का, हे विचारणारे तुम्ही पहिले. कादंबरीत आता एक बाई दर हंगामाअखेर नाखव्याच्या, म्हणजे होडीमालकाच्या, दारात उभी राहते, हक्काने वाटा मागते आणि घेऊन जाते. माझ्या मते त्या पुस्तकात तिच्याइतकं धीट कुणी नाही, राक्षसाशी लढणारेसुद्धा नाहीत.

तुमचा तो वेळ पैशात मोजता येण्यासारखा नाही आणि तुम्ही मोजूही दिला नाहीत. उलट निघताना सुकटीची पिशवी हातात दिलीत. मनापासून आभार, तुमचे आणि काकूंचे.

पहिली प्रत नारळी पौर्णिमेआधी घेऊन येते. नातीकडून मोठ्याने वाचून घ्या. दोन चंद्रांच्या उधाणाचं गणित सातव्या प्रकरणात आहे, ते एकदा शिंपल्यांवर पडताळून बघा.

आपली नम्र,
नेरूळची वहीवाली