तुम्ही बोला, मी लिहिते

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं मला उशिरा कळलं. कुठे झाली ते शिपायाला विचारलं, त्यालाही ठाऊक नव्हतं. म्हणून हे पत्र असं उघडच लिहितोय. तुमचं नाव मुद्दाम घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, एवढी तुमची ओळख मला झाली आहे.

तुमच्यासमोर रोज किती माणसं यायची, मी आठवेन की नाही कोण जाणे. शेंगा चटणी आणि कडक भाकरीची हातगाडी लावणारा, ऐकू न येणारा मी. २२ वर्षं सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या मागावर काम केलं. त्या खडखडाटात शेजारच्या मागावरच्या माणसाशीही आम्ही हातवारे करूनच बोलायचो, त्यामुळे कान जाताहेत हे कळायलाच मला उशीर झाला. घरात कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात, तेव्हा बायकोने ओढून दवाखान्यात नेलं. दोन्ही कानांत ७० डेसिबलच्या पुढे दोष निघाला. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मिळालं, माग सुटला, आणि बायकोच्या हातच्या चटणीवर आम्ही गाडी सुरू केली.

गाडी चालली. अडलं ते पथविक्रेता प्रमाणपत्रापाशी, रस्त्यावर गाडी लावायला महापालिका देते त्या. अर्जावर मोबाईल नंबर लिहिला होता, तो बरोबर होता. ओटीपी यायचा, तो वाचता येतो. पण पाहणीच्या आधी जो फोन यायचा, त्याचं मी काय करणार? एकदा नुसताच मिस्ड कॉल दिसला. एकदा उचलला, "मला ऐकू येत नाही, मेसेज करा" असं दोनदा म्हणालो आणि ठेवून दिला. पलीकडच्याला काय वाटलं असेल देव जाणे. पुढे कळलं की अर्ज "संपर्क होत नाही" म्हणून पडून आहे. कुणाला दोष देत नाही, फोन करणाऱ्याला माझे कान कसे दिसणार?

त्यानंतर मी खेपा घालायला लागलो. बायको सोबत असली की सगळे तिच्याशीच बोलायचे. अर्ज माझा, गाडी माझी, आणि "यांचं वय काय?" हे तिला विचारायचे. ती सोबत नसली की खिडकीपलीकडचा माणूस मान खाली घालून, कागद बघत बोलायचा. मी ओठ वाचतो. घरचं तेलुगू पटकन कळतं, मराठीही बरंच कळतं, पण खाली घातलेल्या मानेचे ओठ कोण वाचणार? बरं, ओठ दिसले तरी सात आणि साठ सारखेच दिसतात. फी किती आणि कुठल्या तारखेला यायचं, नेमक्या याच दोन गोष्टींत माझी फसगत व्हायची.

त्या दिवशी मी तुमच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, की मला ऐकू येत नाही. तुम्ही मोठ्याने बोलला नाहीत. बाकी सगळे आधी ओरडतात. ओरडताना तोंड वेडंवाकडं होतं, मग ओठही कळत नाहीत. तुम्ही रद्दीतला एक पाठकोरा अर्ज ओढलात आणि निळ्या पेनने मोठ्या अक्षरात लिहिलंत: "बसा. घाई नाही. तुम्ही बोला, मी लिहिते."

मॅडम, मला बोलता येतं हे त्या कार्यालयात पहिल्यांदा कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. ऐकू येत नाही म्हटलं की लोक धरून चालतात, याला बोलताही येत नाही आणि समजतही नाही.

त्या दिवसाचे ७ कागद मी जपून ठेवलेत. तिसऱ्या कागदावर माझ्या विनंती अर्जाची तुम्ही केलेली दुरुस्ती आहे. मी लिहून आणलं होतं: "मी गरीब व बहिरा माणूस असून माझ्यावर दया करावी." तुम्ही पूर्ण वाक्यावर काट मारलीत आणि बाजूला लिहिलंत, "आजार लिहू नका, गरज लिहा." मग आपण दोघांनी मिळून गरज लिहिली. माझ्याशी फोनवर संपर्क न करता एसएमएसने करावा, पाहणीचा दिवस आणि वेळ आधी लेखी कळवावी, समोर बोलावल्यास प्रश्न कागदावर लिहून विचारावेत, आणि फीचा आकडा व तारखा लिहूनच द्याव्यात. सोबत युडीआयडी कार्डाची प्रत. वर एक ओळ तुम्ही सांगितलीत, ती मला आता पाठ आहे: "दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार वाजवी सोय मिळणेबाबत."

वाजवी सोय म्हणजे काय, हेही तुम्ही चौथ्या कागदावर समजावलंत. एखाद्याला इतरांच्या बरोबरीने आपला हक्क वापरता यावा म्हणून पद्धतीत करायचा जरुरीपुरता बदल, जो करताना समोरच्यावर अवाजवी बोजा पडत नाही. माझ्या बाबतीत तो बोजा म्हणजे पाठकोरे कागद आणि थोडी शाई. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्यात प्रमाणपत्र देताना दिव्यांगांना प्राधान्य देता येतं अशी तरतूद आहे, आणि गाडी स्वतः किंवा घरच्या माणसाने चालवावी अशी अट असल्यामुळे माझ्या गैरहजेरीत बायको उभी राहिली तरी चालतं, हेही मला तिथेच कळलं. तोवर आम्ही दोघं उगाच घाबरून असायचो. अर्ज घ्यायला टाळाटाळ झाली तर पोच मागा, आणि तरीही दाद लागली नाही तर पथविक्रेत्यांच्या याच कायद्याखालच्या तक्रार निवारण समितीकडे लेखी द्या, असं तुम्ही अधोरेखित करून ठेवलं होतं. तशी वेळ आली नाही.

पाहणीचा मेसेज आला. आलेल्या मुलाने गाडीसमोर येऊन हात हलवला आणि मोबाईलवर प्रश्न टाईप करून दाखवले. फोटो काढला. प्रमाणपत्र मिळालं त्या दिवशी तुम्ही रजेवर होतात, म्हणून आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

आमच्या गल्लीत एकजण तीनचाकी सायकलवर असतो, त्याला नूतनीकरणासाठी जिना चढवत नव्हता. त्यालाही मी तुमचं वाक्य सांगितलं. त्याने पोलिओबद्दल एक अक्षर न लिहिता एवढंच लिहिलं, की माझी कागदपत्रं तळमजल्यावर तपासावीत. तपासली.

गाडीला मी आता पाटी आणि खडू बांधलाय. वर लिहिलंय, "मला ऐकू येत नाही. समोरून बोला किंवा इथे लिहा." शाळेतली पोरं चटणी नको असली तरी पाटीवर लिहायला येतात.

मागच्या महिन्यात घर बदललं म्हणून पत्ता दुरुस्त करायला गेलो. तुमच्या खुर्चीवर नवीन साहेब होते. माझ्या पोटात गोळाच आला, आता सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार. त्यांनी फाईल उघडली. पहिल्याच पानावर तुमच्या अक्षरात, लाल शाईत: "अर्जदारास ऐकू येत नाही. फोन करू नये. लिहून विचारावे." साहेबांनी ते वाचलं, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि खिशातलं पेन काढलं.

आपला कृतज्ञ,
एक हातगाडीवाला
पूर्व भाग, सोलापूर