गोळ्यांच्या पुडीबरोबर मराठीत एक कागद द्या

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी पुण्यात धनकवडीला शिवणकाम करते. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याच्या कानातले आवाज गोळ्यांनीच ओसरले, हे आधी सांगते. हे पत्र वाचून कोणी आपल्या माणसाच्या गोळ्या बंद करायला नकोत.

हॅलोपेरिडॉल सुरू झालं आणि पंधरवड्यात तो येरझारा घालू लागला. दार ते गॅलरी, गॅलरी ते दार. ताटावरून उठायचा, अंथरुणातून उठायचा. "ताई, पायात कायतरी वळवळतंय, बसवत नाही." आम्हाला वाटलं, आजार बळावला. ओपीडीत आमच्या वाट्याला दोन मिनिटं. "फार अस्वस्थ असतो," एवढंच मी बोलले. डोस वाढला, येरझाराही वाढल्या. पुढे दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी ओळखलं: ही अकाथिसिया, गोळीमुळेच होते. त्यांनी डोस उतरवला आणि काही दिवसांत तो टीव्हीसमोर मांडी घालून बसला. तो एक शब्द आधी ठाऊक असता, तर त्या दोन मिनिटांत मी 'अस्वस्थ' म्हटलं नसतं.

मग ओलान्झापिन आलं. पाय शांत, पण भूक अशी की रात्रीतून पोळ्यांचा डबा रिकामा. वर्षभरात त्याच्या पँटची कंबर मी तीनदा उसवली. या गोळीने वजन आणि साखर वाढू शकते, म्हणून सुरू करतानाच वजन, पोटाचा घेर, रक्तातली साखर लिहून ठेवायची असते. आमच्या केसपेपरवर यातला एकही आकडा नव्हता.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. कलम २२. उपचाराचे माहीत असलेले दुष्परिणाम रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगायचे, असं त्यात आहे. आम्हाला मात्र खिडकीतून कात्रीने कापलेली पट्टी मिळते. सोबतचा कागद खोक्यातच राहतो. बाहेरच्या दुकानात मिळाला तरी इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात.

म्हणून मागणं एकच. येरवड्याच्या मनोरुग्णालयापासून भोर-मावळच्या ग्रामीण रुग्णालयांपर्यंत, जिथे या गोळ्या मिळतात तिथे प्रत्येक औषधाचं मराठी पान हातात द्या. लाळ गळणं, हात थरथरणं, तोंडाची आपोआप चाळवाचाळव, सगळं घरच्या शब्दांत. याच आजारावरच्या रिस्पेरिडोन या गोळीने पाळी चुकू शकते, हेही लिहा. बायका ते डॉक्टरांपाशी काढतच नाहीत. ताप येऊन अंग लाकडासारखं ताठलं तर त्याच क्षणी इस्पितळ गाठा, हे सगळ्यात वर. आणि ठळक अक्षरांत: मनाने गोळी सोडू नका, त्रास डॉक्टरांना सांगा. त्रासाला कंटाळून लोक गुपचूप गोळ्या सोडतात आणि आजार उलटतो.

तोवर भावाच्या पोटाचा घेर मीच माझ्या टेपने दर महिन्याला मोजते आणि केसपेपरच्या मागे लिहिते.

आपली,
एका रुग्णाची बहीण
धनकवडी, पुणे