भाच्याच्या औषधाबद्दल

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

भाच्याच्या ल्युकेमियासाठी, म्हणजे रक्ताच्या कर्करोगासाठी, डॉक्टरांनी ब्लिनाटुमोमॅब या औषधाचं नाव काढलं आणि ‘ही केमोच का रे?’ असं तू विचारलंस. नाही, ही केमो नाही. फोनवर सगळं सांगून झालं नसतं, म्हणून सविस्तर लिहितो.

केमो भराभर वाढणाऱ्या पेशी मारते, मग त्या रोगाच्या असोत की केसांच्या मुळांच्या. ब्लिनाटुमोमॅब ही अँटिबॉडी आहे, म्हणजे ठरावीक खूण ओळखून तिला चिकटणारं प्रथिन; ती स्वतः कुणालाच मारत नाही. दोन वेगवेगळ्या अँटिबॉडींची फक्त पकडणारी टोकं घेऊन ती जोडलेली आहेत. एक टोक ल्युकेमियाच्या पेशीवरची सीडी-१९ नावाची खूण धरतं, दुसरं आपल्याच टी पेशीवरची (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीवरची) सीडी-३ ही खूण. दोघी खेटल्या की टी पेशी समोरचीला भोक पाडून मारते आणि पुढचीकडे वळते. तिला त्या रोगाची आधीपासून ओळख असावी लागत नाही. मला याचं फार अप्रूप वाटतं. १९७५ साली केंब्रिजमध्ये मिलस्टाइन आणि कोलर यांनी एकाच जातीची अँटिबॉडी हवी तेवढी बनवायची युक्ती शोधली, तिथून माणूस इथवर आला.

आता ताईंना धसका बसलाय त्या शिरेत औषध सोडणाऱ्या पंपाबद्दल. औषधाचा रेणू लहान केल्यामुळे तो शरीरात टिकत नाही. साधारण दोन तासांत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणून एक फेरी म्हणजे सलग २८ दिवस, रात्रंदिवस पंप. सुरुवातीला वॉर्डात, पुढे सगळं ठीक असेल तर पाठीवरच्या बॅगेत पंप ठेवून घरी. पण विनू, या उणिवेतच मुलाची सुरक्षितताही आहे. टी पेशी खवळल्या की ताप चढतो, रक्तदाब उतरतो; कधी हात थरथरतो, बोलणं अडखळतं, क्वचित झटके येतात. अशा वेळी पंप थांबवला की औषध काही तासांत ओसरतं. मेंदूवरचा परिणाम लवकर कळावा म्हणून बऱ्याच ठिकाणी नर्स रोज एक वाक्य लिहून घेतात आणि अक्षर बघतात. घरी मात्र पंपाला कुणी हात लावायचा नाही, आणि ती लाईन सलाईन ढकलून साफ करायची नाही. नळीत उरलेलं औषध एकदम आत जातं.

सीडी-१९ निरोगी बी पेशींवरही (शरीरासाठी अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींवरही) असतं, त्यामुळे त्याही जातात. संसर्गाची काळजी पुढे काही महिने घ्यावी लागेल.

अमेरिकेत याला पहिली मान्यता २०१४ साली मिळाली, तीही आजार उलटलेल्या किंवा उपचारांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी. २०२४ च्या डिसेंबरमध्ये, नव्याने निदान झालेल्या स्टँडर्ड रिस्क (आजार उलटण्याचा धोका तुलनेने कमी मानलेल्या) मुलांच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले: नुसत्या केमोवर तीन वर्षांनी ८७.९ टक्के मुलं आजारमुक्त होती, सोबत या औषधाच्या दोन फेऱ्या दिल्यावर ९६ टक्के. वाचून मी कितीतरी वेळ आनंदात होतो. मात्र भाच्याचा गट वेगळा असेल तर हे आकडे त्याला जसेच्या तसे लावू नकोस.

डॉक्टरांना एवढं विचार: पेशींवर सीडी-१९ नक्की आहे ना, एमआरडी (उपचारांनंतरही उरलेल्या रोगपेशींचं प्रमाण) किती, आणि एकूण किती फेऱ्यांचा बेत आहे. खर्च मोठा आहे, तेव्हा रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला आजच भेट. रिपोर्टचे फोटो पाठव, मी रात्री बघतो.

तुझा,
अनिरुद्ध