धाकट्याच्या रेडिओलॉजीबद्दल

लीड्स

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तो आयकना नाय, तूच सांग तेका." सांगते, पण आधी तुम्हाला. धाकट्याला रेडिओलॉजी, म्हणजे एक्स-रे, स्कॅन वाचायची ही शाखा, आवडत नसेल तर त्याने खुशाल सोडावी. एआय सगळं खाऊन टाकणार म्हणून सोडत असेल, तर ते कारण कच्चं आहे.

सुट्टीत गोव्यात बांबोळीला त्याच्या मेडिकल कॉलेजात गेले, तेव्हा कँटीनमध्ये हाच विषय. सगळ्यांच्या फोनमध्ये चॅटजीपीटी, व्हायवाची तयारी त्याच्यावरच, आणि तोंडाने मात्र "आता आपलं काय होणार!" डिचोलीची एक मुलगी तेवढी मुद्द्याचं बोलली: "हें आमकां कोण शिकयता?" खरंच आहे. हे सॉफ्टवेअर कुठे चुकतं हे शिकवलंच नाही, तर मुलं एक तर घाबरणार, नाही तर डोळे मिटून मानणार. ही भीती बांबोळीपुरती नाही. इकडे ब्रिटनमधल्या ४८४ वैद्यकीय विद्यार्थ्यांची पाहणी २०२० साली छापून आली होती. एआयमुळे रेडिओलॉजीकडे वळायची शक्यता कमी झाली, असं त्यातले ४९ टक्के म्हणाले.

एआयचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, जेफ्री हिंटन, तर २०१६ मध्येच म्हणाले होते की नवे रेडिओलॉजिस्ट घडवणं थांबवा. २०२४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, पण भौतिकशास्त्राचं, ज्योतिषाचं नव्हे! इथे आमच्या रेडिओलॉजी विभागात आजही माणसं कमी आणि फिल्म्स जास्त.

गेल्या महिन्यातली गोष्ट. एका आजोबांच्या छातीचा एक्स-रे आला. सॉफ्टवेअरने उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला चौकोन काढून 'टीबीचा संशय' दाखवला. त्यांना विचारलं, तर तरुणपणी टीबी होऊन गेलेला. जुनी फिल्म शोधून काढली, शेजारी लावली. डाग तिथेच, तेवढाच. जुना व्रण. म्हणून सॉफ्टवेअर टाकाऊ ठरत नाही. जिथे फिल्म वाचायला माणूसच नाही, तिथे ते फार मोलाचं आहे. पंधरा वर्षांवरच्यांच्या टीबी तपासणीसाठी ते वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच मान्यता दिली आहे. पण आजोबांना विचारायचं सुचलं ते माणसाला, आणि रिपोर्टखाली सही माझी. उद्या चुकलं तर जाब मलाच विचारणार.

खरी काळजी मला वेगळीच वाटते. पोलंडमध्ये आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना एआयची सवय लागली. नंतर एआयविना केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलं. हे २०२५ मध्ये छापून आलं. ते तर मुरलेले डॉक्टर. आपल्या पोराचा हात अजून बसायचाय. त्याने आधीच उत्तर बघितलं तर डोळा तयार कधी होणार? दोडामार्गचा पेशंट बांबोळीला येऊन मालवणीत "छातीत कसातरीच होता" म्हणतो, त्यातून नेमकं काय ते काढायलाही हाच शिकणार ना.

आई, त्याला ओरडू नकोस, जेवताना तर नकोच. चतुर्थीला तो सावंतवाडीला आला की मी व्हिडिओवर नाव-गाव झाकलेल्या दहा फिल्म्स दाखवीन. आधी त्याने वाचायच्या, मग सॉफ्टवेअरचं उत्तर उघडायचं. तो जिंकला तर खाजं माझ्याकडून, हरला तर त्याच्या खिशातून. बाबांनी मध्ये पैसे द्यायचे नाहीत.

तुमची,
थोरली