क्वार्टरबॅकवर खापर फोडण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकन फुटबॉलमधील नव्या संघांवर आपल्या क्रीडा पानात आलेले टिपण वाचले. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, नवखा, म्हणून पहिल्या हंगामात हार, असा त्याचा सूर होता. आयपीएलमध्ये गुजरात टायटन्सने 2022 साली पदार्पणातच करंडक उचलला, मग एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, असे का होत नाही, हा प्रश्नही त्यात विचारला होता. त्यासाठी नव्या संघाला खेळाडू कोणत्या नियमाने मिळाले, हे आधी पाहावे लागते.

गुजरातच्या वेळी जुन्या संघांना जास्तीत जास्त चार खेळाडू राखता आले. उरलेल्यांतून हार्दिक पंड्या, रशीद खान आणि शुभमन गिल हे तिघे गुजरातने लिलाव सुरू होण्याआधीच घेतले. एनएफएलमध्ये गणित नेमके उलटे असते. 1976 साली टॅम्पा बे आणि सिएटल हे संघ आले तेव्हा 26 जुन्या संघांना प्रत्येकी 29 खेळाडू आधीच स्वतःकडे राखून ठेवता आले; नव्यांनी उरलेल्यांतून निवडायचे. एक खेळाडू गेला की आणखी दोघांना वाचवायची मुभा. असे करत प्रत्येक जुन्या संघाचे तीन खेळाडू गेले, म्हणजे एकूण 78, दोन नव्या संघांना 39-39. वय झालेले, गुडघे गेलेले किंवा बाकावर बसून कंटाळलेले, असाच हा बहुतेक माल. शिवाय निवड झाली 30 आणि 31 मार्चला, आणि 12 सप्टेंबरला पहिला सामना!

टॅम्पा बे 14 पैकी 14 सामने हरला, त्यांतल्या पाचांत भोपळा. पहिला टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेल्यावर मिळणारे गुण) चौथ्या सामन्यात आला, आणि तोही बचावफळीतल्या डॅनी रीसने प्रतिस्पर्ध्याच्या हातून निसटलेला चेंडू उचलून धावत नेला म्हणून. प्रशिक्षक जॉन मॅके कच्चे होते म्हणावे, तर सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला चार राष्ट्रीय विजेतेपदे त्यांनीच मिळवून दिली होती. सिएटलने दोन सामने जिंकले, पण त्यातला एक टॅम्पा बेविरुद्धच. जुन्या संघांशी दोघे मिळून 26 सामने खेळले आणि एकच जिंकले. दोन वेगळी शहरे, दोन वेगळे प्रशिक्षक, तरी निकाल जवळपास सारखाच. मग दोष कोणाचा?

ह्यूस्टन टेक्सन्सचे 2002 चे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण तिथे नेमकी कोणती वीट निखळली ते बोट ठेवून दाखवता येते. तोवर सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा, लागू झाली होती. 31 जुन्या संघांनी प्रत्येकी पाच नावे पुढे केली. संघांनी साहजिकच डोईजड पगाराचे किंवा दुखापतग्रस्त खेळाडू पुढे सरकवले. ह्यूस्टनने 19 जण घेतले. त्यांत पहिले नाव टोनी बोसेली, जॅक्सनव्हिलचा लेफ्ट टॅकल, त्या काळातल्या सर्वोत्तमांपैकी एक. उजव्या हाताचा क्वार्टरबॅक चेंडू फेकायला वळतो तेव्हा त्याची पाठ डाव्या बाजूला येते आणि तिकडून कोण धावून येतेय ते त्याला दिसत नाही. ती पाठ सांभाळायची लेफ्ट टॅकलने. बोसेलीचा खांदा आधीच गेला होता. ह्यूस्टनसाठी तो एकही सामना खेळला नाही.

एक माणूस गेला तर एवढे काय, असे क्रिकेटच्या सवयीने वाटू शकते. एक गोलंदाज जखमी झाला तर दुसऱ्याकडून चार षटके टाकून घेता येतात. इथे क्वार्टरबॅकच्या पुढे त्याला वाचवणारे पाच लाइनमन एका ओळीत उभे असतात, टोकांना टॅकल, त्यांच्या आत गार्ड, आणि क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला अडीच-तीन सेकंद मिळतात. प्रतिस्पर्ध्याच्या बचावातले दोघे मुद्दाम जागा बदलत घुसतात. त्या क्षणी टॅकलने आपला माणूस शेजारच्या गार्डकडे सोपवायचा आणि गार्डचा आपण घ्यायचा. बोलायला वेळ नसतो, शेजाऱ्याच्या खांद्याच्या हालचालीवरून ओळखायचे. हे जमायला तेच पाच जण महिनोन्महिने शेजारी उभे राहावे लागतात. एक जागा बदलली की दोन सांधे सैल होतात. दोघेही एकाच माणसाकडे वळतात आणि दुसरा मोकळा सुटतो.

परिणाम आकड्यांत आहे. ह्यूस्टनचा क्वार्टरबॅक डेव्हिड कार, त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) सर्वात आधी निवडलेला खेळाडू, 16 सामन्यांत 76 वेळा चेंडूसकट जमिनीवर आपटला गेला; याला सॅक म्हणतात. एनएफएलच्या एका हंगामातला हा विक्रम. म्हणजे पास टाकायला मागे सरकल्यावर साधारण दर सातव्या वेळी सॅक. चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे असतात; पहिल्याच प्रयत्नात सात यार्ड मागे ढकलले गेलात की दहाऐवजी सतरा यार्ड काढायचे राहतात. मग लांबचाच पास टाकावा लागतो, त्याला वेळ जास्त लागतो आणि पुन्हा तीच गत. याला नवखेपणा म्हणायचे?

याच संघाने पहिल्याच सामन्यात डॅलसला 19-10 असे हरवले होते. डिसेंबरमध्ये पिट्सबर्गमध्ये तर आक्रमणाने अख्ख्या सामन्यात 47 यार्ड काढले, तरी ह्यूस्टन 24-6 जिंकला, कारण तिन्ही टचडाउन बचावफळीने केले. त्यातले दोन ॲरन ग्लेनने पास अडवून. ग्लेनही त्याच 19 जणांतला. म्हणजे बचावासाठी चांगले खेळाडू मिळाले होते, लाइन मिळाली नव्हती. हंगाम 4-12 असा, म्हणजे चार विजय आणि बारा पराभव, संपला.

अपवाद कॅरोलिना पँथर्सचा. 1995 साली ते 7-9 राहिले. प्रशिक्षक डॉम केपर्स, जे पुढे ह्यूस्टनलाही होते! माणूस तोच. फरक असा की 1995च्या नव्या संघांना ड्राफ्टच्या प्रत्येक फेरीत दोन-दोन खेळाडू निवडता आले. शिवाय 1993 पासून करार संपलेले खेळाडू बाजारात मोकळे मिळू लागले होते. सॅम मिल्ससारखा मुरलेला लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीतला खेळाडू, त्याच वाटेने आला.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या नव्या संघावर लिहाल तर क्वार्टरबॅकच्या फोटोबरोबर एक छोटा तक्ताही द्यावा, ही विनंती: पहिल्या आणि दहाव्या सामन्यात लाइनमध्ये कोण पाच जण उभे होते.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे